ढोलकीची जागा

बुद्धजयंतीला विहारात लावायची म्हणून माझ्या गाण्यांची कॅसेट आम्ही घरीच भरली. टेप जानरावभाऊंचा, ढोलकीवर आमचे हे. मला गायला बसवलं तेही यांनीच. भरलेलं ऐकायला बसलो, तर ढोलकीवर थाप पडली की माझा आवाज विहिरीत गेल्यासारखा खाली जायचा.

"माह्याच गळ्याचा दोष असंन," मी म्हटलं.

"नाही वहिनी," जानरावभाऊ म्हणाले. "जवळून मोठा आवाज आला का हे मशीन बाकीचं सारं आपोआप दाबते. म्हून तं मी पुंजाजीले ढोलकी दाराजवळ वाजव म्हनलं होतं. पन तुमचं गानं सुरू झालं का थो माइकजवळ सरके."

मी यांच्याकडे पाहिलं. हे भिंतीकडे पाहत होते.

"साऱ्या गावानं माह्या बायकोचा आवाज कायले आयकाव?"

रोज सकाळी आम्ही दोघं सोबत बसून पंचशील म्हणतो, खोटं बोलणार नाही हेही त्यात येतं. तेच आठवलं असेल यांना.

"मी तुह्यासंग खोटं तं नाही बोललो ना?"

"नाही जी," मी म्हटलं. "तुमी निस्ती ढोलकी वाजवली."