शालीचा काठ

गाडीतून उतरल्याबरोबर साहेबांनी चौकशी सुरू केली. आधी संस्थेच्या अध्यक्षांच्या गुडघ्याची, मग त्यांच्या सुनेच्या बाळंतपणाची. महापुरानंतर परदेशातून या संस्थेकडे आलेली चारशे ब्लँकेटं गावाला का मिळाली नाहीत, हा विषय जेवणानंतर निघणार होता.

"किती खोलात शिरतात बघ!" मंडपात मागे बसलेल्या हौसा शिंपिणीनं शेजारणीला कोपरानं ढोसलं.

मग रीतीप्रमाणे सत्कार झाला. अध्यक्षांनी साहेबांच्या हाती नारळ दिला, खांद्यांवर जरीकाठी शाल घातली. शाल जरा जाडजूडच होती. "चौकशी निःपक्षपातीपणेच होईल," साहेब माइकवरून म्हणाले. "कुणाला काही सांगायचं असेल, तर न घाबरता पुढे या."

हौसा पुढे गेली. "सांगायचं काही नाही, साहेब. तुमच्या शालीचा काठ उसवलाय, तेवढा बघते."

अध्यक्ष "अगं हौसा, राहू दे, राहू दे" म्हणेपर्यंत तिनं दोरा ओढलासुद्धा. गेल्या महिन्यात त्यांनीच तिच्याकडून ब्लँकेटांना काठ लावून, खालचा छापील मजकूर झाकून, शाली करून घेतल्या होत्या. तिनं मात्र सगळ्यांना मुद्दाम कच्चे टाके घातले होते.

काठ सर्रकन निघाला. साहेबांच्या छातीवर परदेशी झेंडा झळकला आणि त्याखाली मराठी अक्षरं: ‘पूरग्रस्तांना सप्रेम भेट’.

मंडपात हशा उसळला. हौसानं दोरा बोटाला गुंडाळला.

"एक सापडलं, साहेब. आता राहिलेल्या तीनशे नव्याण्णवांची करा चौकशी."