शवागारातलं राष्ट्रगीत

वीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात काढलेल्या मावशींची बदली तळघरातल्या शवागारात झाली. पहिल्याच सकाळी शेजारच्या शाळेतून राष्ट्रगीत ऐकू आलं. शवागारातच उभा जन्म घालवलेले शिपाईकाका झाडू भिंतीला टेकवून ताठ उभे राहिले.

"इथं कोण बघतंय आपल्याला?" मावशींनी विचारलं.

काकांनी डोळ्यांनीच दटावलं, तशा मावशीही उभ्या राहिल्या.

समोर ओळीने सहा प्रेतं होती. चादरीबाहेर आलेली पावलं सैल पडून दोन्हीकडे कलली होती. गीत सुरू असताना मावशींच्या डोळ्यांदेखत एकेक जोडी सरळ झाली, टाचेला टाच भिडली. मावशी दाराकडे सरकल्या.

"घाबरू नका, रोजचंच आहे," गीत संपल्यावर काका म्हणाले आणि सवयीने ओळीवरून नजर फिरवू लागले. शेवटच्या चादरीपाशी मात्र ते थबकले. पहाटे अपघातातून आणलेल्या बाईंची पावलं अजून तशीच कललेली होती.

काका गर्रकन मावशींकडे वळले.

"मावशी, धावत जा, डॉक्टरांना बोलवा. या बाई जिवंत आहेत."