हे कोणी केलंय?

बिजय प्लंबर ओडिशाला गावी गेला, तेव्हा कुठे वामन मेस्त्रींना शेट्टींच्या हॉटेलातून बोलावणं आलं. पूर्वी हे हॉटेल त्यांचंच गिऱ्हाईक. पण बिजय आला आणि पठ्ठ्याने नाक्यावरची सगळी हॉटेलं गिळली. सोसायटीतल्या वहिन्यासुद्धा आता नळ गळला की त्यालाच फोन लावायच्या. त्याचं नाव ऐकलं तरी मेस्त्रींचं पित्त खवळायचं.

भांडी घासायच्या सिंकखाली पाणी साचलं होतं. मेस्त्री आत घुसले, बॅटरी मारली आणि त्यांना हवं होतं तेच दिसलं. सांडपाण्याचा पाइप चक्क तिरका बसवलेला!

"हे कोणी केलंय?" ते आतूनच गरजले. "याला काय काम म्हणतात? असल्यांना बोलावता आणि मग बोंबलत बसता! सगळं उखडावं लागणार, अण्णा."

शेट्टी गल्ल्यावरून उठून आले आणि वाकले. "तो पाइप नका उखडू, मेस्त्री. गळतंय ते वर, नळाजवळ. मीही बिजयला म्हटलं होतं, हा तिरका पाइप बदल. त्यानेही हेच विचारलं, हे कोणी केलंय?"

"मग?"

"तुमचं नाव सांगितलं. तर म्हणाला, याला हात लावायचा नाही. पाणी तुंबू नये म्हणून असा ढाळ काढणारा माणूस आता मिळत नाही."

मेस्त्री बराच वेळ सिंकखालून बाहेरच आले नाहीत. गिऱ्हाइकं नेली ती नेली, मेल्याने आता शिव्या घालायचीही सोय ठेवली नव्हती.