दयेचं वजन

"आठशे मीटरवरून मारते, काका. वजन जेमतेम अडीच किलो!" बंदुकांच्या दुकानात पुतण्या दुकानदाराचीच री ओढत होता.

"आपल्या रानात पन्नास पावलांपुढं करवंदीची जाळी. आठशे मीटरवरचं डुक्कर तुला दिसणार कुठून? आणि ही रायफल आहे की शेवग्याची शेंग? जत्रेत फुगे फोडायला ने. आमची ठासणीची बंदूक उचलायला मनगट लागायचं, मनगट!" मी उडवून लावलं.

"एकदा हातात तर घ्या," म्हणत त्यानं ती रायफल पुढं केली.

दोन वर्षांपूर्वी मी शिकार सोडली. मुक्या जिवांची दया येते, असं गावभर सांगतो. खरं म्हणजे, बंदूक उचलली की डावा हात थरथरतो आणि नळी नाचायला लागते.

थट्टेपुरती रायफल खांद्याला लावली. तिच्यावरच्या दुर्बिणीत समोरच्या छपरावरचं कबूतर आलं. नेमाची फुली त्याच्या छातीवर टेकली आणि तिथून तसूभरही हलली नाही.

"द्या काका, परत ठेवू. दुसरी बघतो," पुतण्या हिरमुसून म्हणाला.

"हो, तुझ्यासाठी दुसरी बघ," मी म्हणालो आणि कबुतरावर रिकामा चाप ओढला.