बाजूची सीट

मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरहून भोपाळला हलली तशी सचिवालयातल्या नरहरची बदली झाली. इंग्रजाकडून वडिलांनी घेतलेली, बिनटपाची, दोन सीटची जुनी स्पोर्ट्सकार तो स्वतः चालवत नेणार होता. निघायच्या पहाटे वडील कानटोपी घालून, पिशवी घेऊन फाटकाशी उभे होते. नरहरनं मात्र बाजूच्या सीटवर सुट्या भागांची पेटी ठेवली. “पार्सलनं पाठवलं तर फुटेल सगळं, अण्णा. आता कुठं मिळतात हे पार्ट? तुम्ही थंडी सरल्यावर रेल्वेनं या.” अण्णांनी कानटोपी काढून पेटीतल्या हेडलाइटच्या जादा काचेला गुंडाळली. “हिला धक्का लागू देऊ नकोस.” थंडी सरायच्या आधीच अण्णा गेले. नरहरनं गाडी इतकी जपली, की चार वर्षं पेटी उघडावीच लागली नाही. आज भोपाळातल्या श्यामला टेकडीच्या चढावर खडा उडून हेडलाइट फुटला. त्यानं पेटीतली कानटोपी उलगडली. काच शाबूत होती.