बाहेरची कडी

सिल्वासाच्या कॉलेजात मागच्या पाहुण्यांचं व्याख्यान शेवटी रिकाम्या खुर्च्यांनीच ऐकलं होतं. या खेपेला तिथे शिकवणाऱ्या शैलजाने आपल्या जुन्या सरांना महाडहून बोलावलं होतं. पोरांनी पळ काढला तर नाक कापलं जायचं, म्हणून तिने शिपाई काळूभाईकडून सभागृहाला बाहेरून कडी घालून घेतली. सुरुवातीलाच मागची दोन पोरं दाराशी जाऊन निमूट परतली. मग तासभर कुणी उठलंच नाही. सरांचे डोळे भरून आले. "शैलजा, हल्ली माझ्यासमोर दहा मिनिटंसुद्धा कोणी बसत नाही गं. सत्काराची ही शाल आज खरी कमावली!" शैलजाची मान वर होईना. निघताना सरांनी दार ढकललं. ते बोटभर हललं आणि अडलं. बाहेरून काळूभाई ओरडले, "मॅडम, भाषण पुरं झालं का? सोडू पोरांना?" सरांनी खांद्यावरची शाल उतरवली, घडी केली आणि शैलजाच्या हातात ठेवली.