पहिलं गिऱ्हाईक

“वहिनी, भवानी व्हायचीय अजून. तेवढं बाहेर थांबा,” गल्ल्यावर उदबत्ती ओवाळता ओवाळता शेटे म्हणाले, तेही प्रमिलाकडे न बघता.

ती पायरी उतरली. लेकीच्या हळदीची साडी घ्यायला ती भल्या सकाळी आली होती. नवरा होता तोवर हेच शेटे तिला दुकान उघडायच्या वेळी मुद्दाम बोलावून घ्यायचे. वहिनींच्या हातून पहिली विक्री झाली की दिवसभर गिऱ्हाईक तुटत नाही, असं चारचौघांत सांगायचे. दिवाळीत नवरा गेला, आणि तिच्या हाताचा गुणही त्याच्याबरोबर सरणावर गेला.

तेवढ्यात बाजारातली मोकाट गाय तिच्या अंगाला घासून सरळ दुकानात शिरली आणि गादीवर चढली. शेटेंनी टोपी सावरून हात जोडले, तिला गुळाचा खडा भरवला.

“साक्षात लक्ष्मी आली,” ते पुटपुटले.

लक्ष्मीने शेपूट उचललं आणि पांढऱ्याशुभ्र गादीवर भदाभदा शेण टाकलं. शेटे साड्यांचा गठ्ठा छातीशी धरून भिंतीला टेकले. नोकर अजून आला नव्हता. मग त्यांना पायरीखाली उभी असलेली प्रमिला दिसली.

“वहिनी, या ना आत. एवढं शेण उचलता का? तुम्हाला काय, सवय आहे.”

प्रमिलाने पदर खांद्यावरून ओढून घेतला. ती जागची हलली नाही.

“उचलते की, भावजी,” ती म्हणाली. “आधी तुमची भवानी होऊ दे.”